बांधावरचे मशीन आणि टाकीतला ऊस

मृगाचा पाऊस झाला की कराड-मलकापूर पट्ट्यातले बांध आठवडाभरात हिरवे होतात. हराळी, कुंदा, लव्हाळा, गाजर गवत सगळे एकदम उठते आणि माळ्यावर ठेवलेला ब्रश कटर खाली येतो. गेल्या हंगामात नीट चाललेले मशीन आता दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. सुरू झालेच तर चोक उघडताच बंद पडते, किंवा रेस दिली की गुदमरते. मग ते महामार्गाकडेच्या दुरुस्तीच्या दुकानात जाते आणि सोबत निदानही जाते: कार्बोरेटर गेला.

बहुतेक वेळा कार्बोरेटर गेलेला नसतो. टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते, नळीला चीर गेलेली असते, फिल्टर तुंबलेला असतो किंवा टाकीच्या टोपणाचे श्वासछिद्र बुजलेले असते. त्यातले काहीच न तपासता स्क्रू फिरवले जातात, आणि जो बिघाड थोड्या खर्चात गेला असता तो पिस्टनपर्यंत पोचतो. छोट्या टू-स्ट्रोक यंत्राची तपासणी टाकीपासून सुरू करून सिलिंडरकडे जावी, उलट दिशेने कधीच जाऊ नये.

पेट्रोल बदलले आहे

आधी हे लक्षात घ्यायला हवे की आज पंपावर मिळणारे पेट्रोल वीस वर्षांपूर्वीचे नाही. त्यात इथेनॉल आहे, आणि या बदलाची सुरुवात आपल्याच भागात झाली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला येथे. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-२० पेट्रोल बाजारात आले आणि आता सर्वत्र तेच मिळते.

कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री हे मोठे सहकारी साखर कारखाने आहेत. कृष्णाकाठच्या उसाला इथेनॉलमुळे दुसरी बाजारपेठ मिळाली, साखर पडून राहिली तरी कारखान्याकडे पैसा येण्याची वाट झाली, आणि तेलाच्या आयातीवरचा भार थोडा हलका झाला. हे सगळे हिताचेच आहे. पण बांधाच्या आतला ऊस असा फिरून बांधावरच्या मशीनच्या टाकीत आला आहे, आणि त्याच्याशी कसे वागायचे हे मशीनच्या मालकाने शिकून घेणे गरजेचे आहे. अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली असते. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते एकदा पाहावे.

इथेनॉलचे तीन गुण इथे महत्त्वाचे. पहिला, ते पाणी ओढते. पावसाळ्यातली दमट हवा अर्धवट भरलेल्या टाकीत किंवा कॅनमध्ये शिरते आणि तिच्यातले पाणी इथेनॉल शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला थर धरतात. टू-स्ट्रोकमध्ये हे फार घातक असते, कारण टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि टाकीतला फिल्टर मात्र तळाशी असतो. इंजिनाला मग ऑइल नसलेले पाणीदार मिश्रण मिळते.

दुसरा गुण, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. १ किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या मोटारसायकलीत सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. ब्रश कटरच्या कार्बोरेटरला ती सोय नाही. साध्या पेट्रोलवर बसवलेल्या सेटिंगवर ई-२० चालवले की मिश्रण विरळ पडते, इंजिन जास्त तापते.

तिसरा गुण, इथेनॉल जुना साठलेला चिकटा सोडवते आणि काही जातींच्या रबराला फुगवते किंवा कडक करते. सोडवलेला गाळ फिल्टरमध्ये आणि जाळीत जाऊन बसतो. पाणी साठून राहिले तर कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी भुकटी धरते.

हा कार्बोरेटर स्कूटरचा नव्हे

लुना, चेतक, आरएक्स-१०० या गाड्यांवर हात बसलेली पिढी अजून गावोगाव आहे. त्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठते आणि तरंगता फ्लोट पातळी राखतो. गाडी आडवी झाली की पेट्रोल सांडते. ब्रश कटर मात्र आडवा, तिरपा, कधी उलटाही धरावा लागतो. म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये वाटीही नसते आणि फ्लोटही नसतो. त्यांची जागा दोन पातळ पडदे घेतात. त्यांना डायफ्रॅम म्हणतात.

पहिला डायफ्रॅम पंपाचे काम करतो. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये आळीपाळीने ओढ आणि दाब तयार होतो. एका बारीक छिद्रातून ती स्पंदने कार्बोरेटरपर्यंत येतात आणि पडदा हलवतात. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर हा पडदा सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा डायफ्रॅम माप राखतो. इंजिनाने पेट्रोल ओढले की हा पडदा आत खेचला जातो, एक छोटा दांडा दाबतो, दांड्यामुळे सुई उचलली जाते आणि हवे तेवढेच पेट्रोल आत येते.

यातून दोन गोष्टी कळतात. पडदा कडक झाला तर कितीही साफसफाई केली तरी मशीन नीट चालणार नाही. आणि इंजिन व कार्बोरेटर यांच्यामधले गॅसकेट उलटे बसवून स्पंदनाचे छिद्र झाकले गेले, तर नवा कोरा कार्बोरेटरही पेट्रोल ओढणार नाही.

तपासणीचा क्रम

काम सुरू करण्याआधी मशीन गार होऊ द्यावे, प्लगची टोपी काढून ठेवावी, पाते उतरवावे. जागा मोकळी आणि हवेशीर हवी. विडी, चूल, वेल्डिंग यांपासून दूर.

सर्वांत आधी टाकीतले मिश्रण काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाला वेगळा थर, पाण्याचे गोळे किंवा गाळ दिसला, किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते मिश्रण पुन्हा टाकीत घालायचे नाही. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने विसळून ताजे मिश्रण भरावे. माळ्यावर राहिलेल्या मशीनचा आजार कित्येकदा इथेच संपतो.

मग टोपण. मशीन पाच-दहा मिनिटे छान चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडताच टोपण सैल करावे. हवा आत शिरल्याचा सूं आवाज आला आणि मशीन लगेच सुरू झाले, तर श्वासछिद्र बुजले आहे. पेट्रोल बाहेर जाते, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाची ओढ कमी पडते. काही मशीनमध्ये हे छिद्र टोपणात असते, काहींत वेगळ्या छोट्या नळीला असते.

त्यानंतर टाकीतला फिल्टर. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने नळी बाहेर ओढून घ्यावी. फिल्टर काळपट, चिकट असेल तर धूत बसण्यापेक्षा बदलावा. नळी बोटांत वाकवून पाहावी, विशेषतः ती टाकीत शिरते त्या जागी. तिथेच बारीक चीर पडते, आणि त्या चिरेतून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते.

आता पारदर्शक बल्ब, म्हणजे प्रायमर. तो दाबल्यावर चपटाच राहिला, वर आला नाही, तर टाकी ते कार्बोरेटर या वाटेत कुठेतरी बूच बसले आहे: फिल्टर, नळी, कार्बोरेटरची आतली जाळी किंवा चिकटलेली सुई. दाबत राहिले तरी बल्बात फक्त बुडबुडे दिसत असतील तर नळीला किंवा बल्बालाच चीर आहे. दाबताना फार कडक लागत असेल तर परतीची नळी दुमडली किंवा तुंबली आहे. बहुतेक मशीनमध्ये बल्ब इंजिनात पेट्रोल फवारत नाही. कार्बोरेटरमधली हवा काढून तिथे पेट्रोल आणतो आणि उरलेले टाकीत परत पाठवतो. म्हणून तो जास्त वेळा दाबल्याने सहसा नुकसान होत नाही.

एअर फिल्टर काढून पाहावा. सोयाबीनच्या, वाळल्या गवताच्या धुळीने तो लवकर भरतो. तुंबलेला फिल्टर कायम चोक ओढल्यासारखेच काम करतो: मशीन धूर काढते, रेस घेत नाही. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. फिल्टरशिवाय मशीन चालवू नये, धूळ सरळ सिलिंडर खाते.

प्लग आणि पिस्टन काय सांगतात

चोक देऊन सात-आठ वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत येत नाही, दोष इंधनाच्या वाटेवर आहे. ओला असेल तर पेट्रोल येते आहे. मग ठिणगी पाहावी, किंवा जास्त पेट्रोल जाऊन मशीन बुडाले असेल. बुडाले असेल तर प्लग पुसून, चोक उघडा ठेवून, रेस पूर्ण देऊन काही वेळा दोरी ओढावी.

चाललेल्या मशीनच्या प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग ठीक. काळा आणि तेलकट असेल तर मिश्रण घट्ट, ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढुरका असेल तर मिश्रण विरळ आहे आणि इंजिन भाजते आहे. हा पांढुरका रंग दिसूनही मशीन तसेच दामटणे म्हणजे पिस्टन जाम करून घेणे.

शंका असेल तर सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर तो एकदा तरी घासला गेला आहे, आणि मग कार्बोरेटरवर कितीही खर्च केला तरी ताकद परत येणार नाही. त्याच वेळी सायलेन्सरची जाळी आणि एक्झॉस्टचे तोंड यांवर साठलेला कार्बन पाहावा. जास्त किंवा हलके ऑइल वापरले की तो जाड होतो, मशीन आयडलवर चालते पण गवतात घातले की मरते. जाळी तारेच्या ब्रशने साफ करावी. तोंडावरचा कार्बन खरवडताना पिस्टनने ते तोंड झाकलेले हवे आणि हातात लाकडाची काडी हवी, लोखंड नको.

कार्बोरेटर उघडावाच लागला तर

वरचे सगळे ठीक असूनही मशीन फक्त चोकवरच चालत असेल, तर कार्बोरेटरमध्ये वाट तुंबली आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. आधी कार्बोरेटरचे आणि त्यामागच्या इन्सुलेटरचे बोल्ट आवळून पाहावेत, कंपनाने ते सैल होतात. मशीन आपोआप जोरात पळू लागले, रेस सोडूनही आवाज खाली येत नसेल, तर ते ताबडतोब बंद करावे. गॅसकेट किंवा क्रँकचे सील हवा घेत असण्याची शक्यता असते. ते तपासायला दाबाची चाचणी लागते, ती मेकॅनिककडे करून घ्यावी.

उघडताना पांढऱ्या स्वच्छ कापडावर काम करावे आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. एका बाजूचे झाकण काढले की पंपाचा पडदा आणि त्याखाली बारीक जाळी दिसते. बराच गाळ याच जाळीत असतो. दुसऱ्या बाजूला मापाचा पडदा, दांडा आणि सुई. बहुतेक कार्बोरेटरमध्ये पंपाच्या बाजूला पडदा आधी बसतो आणि त्यावर गॅसकेट, तर मापाच्या बाजूला गॅसकेट आधी आणि त्यावर पडदा. हा क्रम चुकला की मशीन सुरू होत नाही आणि नवे किट खराब निघाले असे वाटते.

पडदा हातात घेऊन हलवावा. तो मऊ, लवचीक हवा. भाजलेल्या पापडासारखा कडक लागला आणि वाजला तर किट बदलण्याला पर्याय नाही. किट घेताना कार्बोरेटरवर कोरलेला क्रमांक दुकानदाराला दाखवावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कार्बोरेटरचे पडदे वेगळे असतात. कार्बोरेटर क्लीनर मारण्याआधी सगळे रबर काढून ठेवावे. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नये, भोक किंचित मोठे झाले तरी माप कायमचे बिघडते. कॉम्प्रेसरची हवा जोडलेल्या कार्बोरेटरमध्ये मारू नये, आतले पडदे आणि झडपा फाटतात. सुईचा दांडा अंदाजाने वाकवू नये. त्याची उंची कार्बोरेटरच्या जातीप्रमाणे ठरलेली असते.

स्क्रू सर्वांत शेवटी

कार्बोरेटरवर साधारण तीन स्क्रू असतात. ‘एल’ कमी रेसचे मिश्रण ठरवतो, ‘एच’ पूर्ण रेसचे, आणि ‘टी’ आयडलचा वेग. काही मशीनवर ‘एच’ नसतो किंवा त्यावर मर्यादेची टोपी असते. हात लावण्याआधी सध्याची स्थिती लिहून ठेवावी: स्क्रू हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने टेकेपर्यंत किती वळसे बसतात ते मोजावे. टेकल्यावर जोर लावला तर सुईचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. पुस्तिकेत आकडा नसेल तर दोन्ही स्क्रू टेकवून एक ते सव्वा वळसा उघडणे ही सुरुवात धरावी.

मशीन तीन-चार मिनिटे गरम करून आधी ‘एल’ लावावा. आयडल सर्वांत वेगाने चालते ती जागा शोधून तिथून किंचित उघडावा, म्हणजे रेस देताना मशीन अडखळणार नाही. मग ‘टी’ने आयडल इतके खाली आणावे की पाते फिरणार नाही. आयडलवर पाते फिरणारे मशीन शेतात नेऊ नये. शेवटी ‘एच’. पूर्ण रेसवर, बिनओझ्याचा आवाज किंचित भरडा राहावा आणि गवतात घालताच साफ व्हावा. तीक्ष्ण, किंचाळता आवाज म्हणजे मिश्रण विरळ. ‘एच’ आवळल्यावर मशीन क्षणभर जास्त पळते आणि मालक खूश होतो, पण ऑइलही पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे पेट्रोल कमी झाले की वंगणही कमी होते. ई-२० वर तर ‘एच’ आवळण्याचा मोह पूर्ण टाळावा.

मिश्रणाचे माप

पुस्तिकेत ५० ला १ असे लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल; ४० ला १ असेल तर २५ मिली; २५ ला १ असेल तर ४० मिली. माप कपाने घ्यावे, टोपणाच्या अंदाजाने नको. थोडे जास्त ऑइल घातले तर इंजिन सुरक्षित राहते, हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढले की तेवढे पेट्रोल कमी होते, मिश्रण विरळ पडते आणि वर कार्बनही साठतो. हवेने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचे जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे ऑइल घ्यावे. फोर-स्ट्रोक गाडीचे ऑइल यात चालत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीही पाहता येते. आकडे असलेल्या १०० मिलीच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून, बूच लावून, मोकळ्या जागेत हलवावे आणि स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्याकडे जाते. तळाचा थर १० ऐवजी सुमारे २८ मिलीपर्यंत चढला तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. हे फक्त तपासण्यासाठी. असे पाण्याने ‘धुतलेले’ पेट्रोल मशीनमध्ये वापरू नये. त्याचा ऑक्टेन घटतो आणि त्यात पाणी राहते.

हंगाम संपताना

सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती दिवाळीच्या आधीच करायची असते. महिन्याभरात संपेल इतकेच मिश्रण बनवावे, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवावे, कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहावे, आणि भरताना कॅन हलवून घ्यावा. काम संपले की टाकी पूर्ण रिकामी करावी, मशीन सुरू करून आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. मग बल्ब काही वेळा दाबून पुन्हा सुरू करून उरलेला थेंबही जाळावा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल घालून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, म्हणजे सिलिंडरला गंज धरणार नाही. मशीन कोरड्या जागी, खत आणि मिठापासून दूर ठेवावे.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढीच विनंती: पुढच्या वेळी मशीन अडले तर स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी टाकीतले मिश्रण काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, टोपण सैल करून पाहा आणि नळी वाकवून पाहा. या तीन तपासण्यांना कसलाही खर्च नाही. त्या करूनच दुकानात गेलात तर मेकॅनिकला नेमके सांगता येईल, त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे इंजिनही.